शून्य ते दहा

साखरेचा डबा आमच्याकडे वरच्या फळीवर असतो. सकाळी आठच्या सुमाराला मी आरशासमोर दाढी करत होतो आणि आरशातच मला दिसलं, की मायने डबा काढायला डावा हात वर नेला. नेला म्हणजे काय, उजव्या हाताने डाव्या कोपराला खालून धरलं आणि तो वर लोटला. माय जन्माची डावरी, कुठल्याही कामाला तिचा डावाच हात आधी जातो. बोटं डब्यापाशी पोचल्यावर तिने खांदा कानाशी नेला, कमरेतून एका अंगाला कलली, डबा ओढला आणि तोंडातून हूं की चूं केलं नाही. सगळं मिळून तीन सेकंद. माझ्या हातातलं ब्लेड थांबलं, कारण हे तीन सेकंद मी आधी पाहिले होते, शेकडो वेळा पाहिले होते, संगणकाच्या पडद्यावर, हाडांच्या जागी निळ्या काड्या असलेल्या एका बाहुल्याच्या अंगावर. आणि पाहून ते मी पुसून टाकले होते.

“माय, हाताले काय झालं?”

“काई नाई.”

“काई नाई कसं? हात उचलत नाई तुहा.”

“उचलते ना बाप्पा. डबा काढला ना म्या? तू दाढी कर पयले, रक्त येऊन राह्यलं.”

काई नाई. या दोन शब्दांवर आमचं घर उभं आहे आणि या दोन शब्दांनीच ते एक दिवस पडणार आहे. माझा बाप भीमराज जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. आठ वर्षांपूर्वी भर दुपारी छातीला हात लावून फाटकाशी बसला. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, काय होतंय? तर म्हणाला, काई नाई जी, जरासं पित्त हाय. डॉक्टरने पित्ताची गोळी दिली. चार वाजता बाप गेला. मी त्या वेळी नागपूरला एम. टेक.ला होतो, शरीराच्या हालचालींचं गणित शिकत होतो, आणि लोक मला म्हणाले, मोठा सोशिक माणूस होता हो भीमराजभाऊ. मला तेव्हापासून त्या शब्दाची शिसारी आहे. सोशिक! म्हणजे दुसऱ्यांची सोय. ज्याला कुणाला काही द्यायचं नसतं तो हा शब्द देऊन मोकळा होतो, आणि आपले लोक तो बिल्ल्यासारखा छातीवर लावून मरतात.

आज अकरा वाजता माझी सभा होती, इथूनच, आर्णीच्या घरातून, लॅपटॉपवर. शनिवार असल्यामुळे यवतमाळला कॉलेज बंद होतं. मी तिथे कंत्राटी प्राध्यापक आहे, दरवर्षी मे महिन्यात माझं काय करायचं हे ठरतं, आणि मे लागला होता. तीन वर्षांपूर्वी बंगळूरच्या एका कंपनीने आमच्या कॉलेजला एक तुकडा काम दिलं. अंतराळात माणूस घालतो त्या पोशाखाचं काम. हे सांगितलं की आर्णीत लोक हसतात. बसस्टँडवरच्या पानठेल्यावर तर माझं नावच पडलंय, चंद्रवाले सर. हसा म्हणावं. त्या पोशाखात हवा भरलेली असते. फुगलेल्या ट्यूबमध्ये हात घालून कोपर वाकवून बघा, म्हणजे कळेल. प्रत्येक वेळी हात वाकवायचा तर त्या हवेशी भांडावं लागतं, आणि सात-सात तास भांडावं लागतं. वरून पोशाख एकीकडे हलतो आणि आतला माणूस दुसरीकडे. बाहेरून पाहणाऱ्याला पोशाखाचा हात वर गेलेला दिसतो. आतला खांदा कुठे घासला, कुठे चेपला, हे कुणालाच दिसत नाही. ते दिसावं म्हणून संगणकात बाहुला करायचा, खऱ्या माणसांच्या हालचाली मोजून त्याच्या अंगात घालायच्या, आणि त्याला विचारायचं, बाबा रे, तुला कुठे लागतंय. हे माझं काम. आतल्या माणसाचं दुखणं बाहेर आणण्याचं. थू माझ्या जिंदगीवर.

अख्खा पोशाख कुठून आणणार? आम्ही एक बाही केली, म्हणजे गफ्फारभाईने केली. बसस्टँडमागे त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. जीपची ट्यूब कापून, चिकटवून तिची आतली बाही, वरून ट्रकच्या ताडपत्रीचं अस्तर, मनगटाशी रबरी पट्टा आणि खांद्याशी ॲल्युमिनिअमची एक जाड कडी. कडीचं माप मी माझ्या एका उंच विद्यार्थ्याच्या खांद्यावरून घेतलं, कारण त्या दिवशी तोच समोर होता. बंगळूरच्या आराखड्यातही तेवढंच होतं. पायपंपाने चार पौंड हवा भरली की बाही टणक होई. मग कंपनीने कळवलं, ठेंगण्या, हलक्या बांध्याच्या माणसांच्या हालचाली हव्यात, पावणेपाच फुटांच्या आसपास, शक्यतो बायका. पुढे बायकाही जाणार आहेत ना वर. कॉलेजच्या पोरींना विचारलं तर त्या दोन तासांत कंटाळल्या. मग माझ्या सुपीक डोक्यात आलं, माय. माय आणि तिच्याबरोबर कापूस वेचणाऱ्या तिघीजणी. वेचणीत हात छातीपासून डोक्यावरपर्यंत जातो, बोटं नेमकी बोंडावर पडतात, आणि हे काम त्यांच्या देहाला तोंडपाठ आहे. जानेवारीतले तीन रविवार मी त्यांना रिक्षाने यवतमाळला नेलं. लाकडी चौकटीवर पऱ्हाटीची झाडं बांधली, बायकांच्या अंगावर बोराएवढ्या चकचकीत गोळ्या चिकटवल्या, आठ कॅमेरे लावले. एका संचात साठ बोंडं, असे पाच संच. तिघींनी उजव्या हातात बाही घातली, मायने डाव्या. मला काय अभिमान वाटत होता! चहा, समोसे, वर पोराच्या कॉलेजात खुर्चीवर बसलेली माय. ती तिथल्या शिपायालाही जय भीम घालत होती.

प्रत्येक संचानंतर मी कागद घेऊन विचारायचो. वेदना किती, शून्य ते दहा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. चांगलं वऱ्हाडीत समजावून सांगितलं होतं. कागदावर माय चार नंबरला होती, पण विचारलं मी तिलाच आधी. ती म्हणाली, शून्य. बाकीच्या तिघींनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, शून्य. पाचही संच, तीनही रविवार, चौघींचे मिळून साठ आकडे आणि सगळे शून्य. माझ्यातल्या गाढवाला तेव्हा आनंद झाला. किती स्वच्छ माहिती, म्हणे.

मी तोंड न धुताच लॅपटॉप उघडला. कॅमेऱ्यातून आलेली मूळ नोंद आणि मी नीट केलेली नोंद, अशा दोन असतात. माणूस हलताना एखादी गोळी बाहीआड जाते, मग पडद्यावर काडी उडते, वाकडी होते. ती उडी खोटी असते म्हणून सगळी रेष गुळगुळीत करून घ्यायची. ही रीतच आहे, सगळे करतात. मी चार नंबरच्या बाईची, म्हणजे मायची, मूळ नोंद लावली. निळा बाहुला बोंडं वेचू लागला. तीस बोंडांपर्यंत छान. एकतिसाव्याला खांदा कानाशी गेला, कमर उजवीकडे कलली. बत्तिसाव्याला पुन्हा. चाळिसाव्याच्या पुढे प्रत्येक वेळी. दुसऱ्या संचात बाहुला उजवा हात पुढे आणतो आणि डाव्या कोपराखाली धरतो, फळीवरच्या डब्यासाठी धरला होता तसाच. मी त्या वेळी शेजारी विद्यार्थ्याला म्हणालो होतो, बघ, गोळ्यांची अदलाबदल झालीय, काढून टाक. उंच पोराच्या मापाची कडी तिच्या इवल्या खांद्यावर टेकतच नव्हती. ती हात वर नेई तेव्हा कडीची कड खांद्याच्या पुढच्या अंगाला रुतत होती. तीनशे वेळा, आणि असे तीन रविवार. तोंडाने शून्य म्हणणाऱ्या बाईचं अंग पडद्यावर बोंबलत होतं आणि मी, तिच्या पोटचा पोरगा, त्या बोंबलण्याला बिघाड समजून पुसत बसलो होतो. त्याच गुळगुळीत बाहुल्यावर मी नागपूरच्या परिषदेत टाळ्या घेतल्या. माती खाल्ली मी, आणि वर ढेकर दिला.

आता एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. फेब्रुवारीपासून माय रोज सकाळी शेजारी जोहराबीकडे जाऊन बसायची. मी समजत होतो, दोघी गप्पा मारतात. जोहराबी तिचा अंबाडा घालून द्यायची. माय तिथून येई तेव्हा केस नीट चापून बांधलेले असत, आणि मला एकदाही प्रश्न पडला नाही, की साठीला टेकलेली बाई रोज दुसरीकडून केस का बांधून घेते. फेब्रुवारीपासून ती वावरातही गेली नव्हती. वावरात मजुरीला बायका नेणाऱ्या इंदूबाई चना सोंगायला, म्हणजे कापायला, बोलवायला आल्या, तर दारातूनच म्हणाली, आता नाई होत वं माह्यानं, पोरगा नोको म्हणते. मी आत बसून ते ऐकलं आणि माझी छाती फुगली. माझ्या कमाईवर मायला विश्रांती! मी हे चार लोकांना सांगितलंसुद्धा. एवढा शिकलेला माणूस एवढा आंधळा असू शकतो, यावर मला कुणीतरी पदवी द्यायला पाहिजे.

“तू शून्य काहून सांगितलं?” मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ओरडलो. माय पोळ्या करत होती, लाटणं उजव्या हातात होतं आणि पोळी वाकडी झाली होती.

“कोणतं शून्य?”

“तुले माईत हाय कोणतं. जानेवारीतलं. म्या तुले पंधरा डाव इचारलं, दुखते का.”

“मंग काय सांगू?” तिने तव्यावरची पोळी उलटली. “इंदूबाई बायकाईले इचारते, कोणाचं काई दुखते का? जे म्हणते दुखते, तिले दुसऱ्या दिवशी नाई बोलावत. चाळीस वर्सं झाले मले, एक दिवस घरी नाई बसवलं कोणी.”

“मी इंदूबाई हाय का?”

“तू तं साहेब होता ना तिथं,” ती म्हणाली. “कागद घेऊन उभा होता. तुहे पोट्टे म्हणत होते, मधात थांबलं तं अख्खं बाद होते. म्हटलं, पयल्यांदा पोराच्या कामाले आली, त्याचं काम मोडू का?”

मी कागद घेऊन उभा होतो हे खरं होतं. कागद घेऊन उभ्या असलेल्या माणसासमोर आमच्या लोकांनी कधी खरं दुखणं सांगितलंय? रेशनच्या रांगेत, दवाखान्याच्या खिडकीशी, फॅक्टरीच्या फाटकावर, सगळीकडे उत्तर एकच असतं, बरं हाय जी. बरं नसलेल्या माणसाला कुणी ठेवत नाही. मी लहानपणापासून हे पाहत आलो, आणि शिकून काय केलं, तर तोच कागद शून्य ते दहा घरांचा करून आपल्याच मायसमोर धरला. तिने साहेबाला द्यायचं ते उत्तर दिलं. मला राग तिचा येत होता, भयंकर येत होता, हे लाटणं हिसकून फेकावं असं वाटत होतं. आणि तिच्याहून जास्त त्या मुलाचा येत होता जो पेन घेऊन शून्य लिहीत होता आणि प्रत्येक शून्याला, शाब्बास माय, म्हणत होता.

मी गफ्फारभाईला फोन लावला आणि कडीबद्दल विचारलं. बाही मागच्याच आठवड्यात त्यांच्याकडे दुरुस्तीला होती आणि आता आमच्या दारामागे खुंटीला लटकत होती, पायपंपासकट.

“सर, मैं तो माँजी को उसी दिन बोला था,” गफ्फारभाई म्हणाले. “जानेवारीत आलत्या ना त्या दुकानावर, कडीले आतून कपडा लावून द्या म्हणे. मी म्हटलं सरले सांगा. तर म्हणे, त्याले नोका सांगू, त्याचं माप बिघडन.”

म्हणजे पंक्चर काढणाऱ्याला माहीत होतं, केस बांधणाऱ्या जोहराबीला माहीत होतं, इंदूबाईलाही बहुतेक कळलं असणार. अख्ख्या आर्णीत एका माणसाला माहीत नव्हतं, आणि तो या विषयाचा तज्ज्ञ होता.

अकरा वाजता कूलर बंद केला, कारण त्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही, आणि घामाने निथळत पडद्यासमोर बसलो. समोर कंपनीत या कामाच्या प्रमुख असलेल्या बंगळूरच्या मॅडम आणि त्यांचे तिघं सहकारी होते. मॅडम वाईट नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट असत्या तर बरं झालं असतं, रागाला जागा मिळाली असती. त्या इंग्रजीत शांतपणे म्हणाल्या, की तुमची चार नंबरची बाई म्हणजे आमच्यासाठी सोनं आहे. अठ्ठावन्न वर्षांची, अठ्ठेचाळीस किलोची बाई तीनशे फेऱ्या वेदनेशिवाय करते, तर प्रशिक्षित माणूस सहज करेल. तेव्हा खांद्याच्या कडीचं लहान माप वेगळं करायची गरज नाही, आहे तेच एक माप सगळ्यांना चालेल. खांदा किती सोसू शकतो त्या तक्त्यात हेच आकडे कायम करू. फक्त तुमची सही हवी.

मी म्हणालो, आकडे खोटे आहेत. मूळ नोंद दाखवली, एकतिसावं बोंड दाखवलं, हा झटका बिघाड नव्हता, मी चुकून पुसला. मॅडमनी नीट पाहिलं. मग म्हणाल्या, अश्वजित, ही काडी वाकडी होण्याची दहा कारणं असू शकतात, तूच तुझ्या अहवालात तसं लिहिलं आहेस. सहभागी बाईंनी एकदाही तक्रार केलेली नाही. तुझ्याच हस्ताक्षरात साठ शून्यं आहेत. आता मी कुणाचं मानू, ज्या बाईच्या खांद्याचा प्रश्न आहे तिचं, की तुझं?

माझ्या जिवाचा संताप झाला. मी म्हणालो, थांबा, तिलाच विचारा, आणि मायला हाक मारली. ती हात पुसत आली. पडद्यावर परकी माणसं दिसताच तिने डोक्यावर पदर घेतला, उजव्या हाताने घेतला, मला ते दिसलं, आणि कुणालाच दिसलं नाही. मॅडम हसून हिंदीत म्हणाल्या, माँजी, नमस्ते, वो बाही पहनी थी तब कंधे में दर्द हुआ था क्या? सच बताइए, कोई कुछ नहीं बोलेगा.

मायने माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा घामेजलेला, गालावर ब्लेडची चीर, समोर चार साहेब. तिने काय समजायचं ते समजून घेतलं. पोरगा अडचणीत आहे.

“नई मॅडम,” माय म्हणाली. “कुछ भी नई दुखा. एकदम शून्य. मेरे लडके का काम अच्छा है, उसको निकालना नई.”

सगळे हसले, प्रेमाने हसले. एकजण म्हणाला, किती गोड आहेत. मॅडम म्हणाल्या, दोन वाजेपर्यंत सही करून पाठव, आणि आईंना आमच्याकडून धन्यवाद सांग. पडदा काळा झाला. त्यात मी आणि माझ्यामागे पदर घेतलेली माय, एवढंच दिसत होतं.

त्यानंतर मी काय काय बोललो ते लिहायला लाज वाटते. मी म्हणालो, तुम्हा लोकांना मरायचंच असतं, मरा. बाप असाच मेला, तू अशीच मरशील, आणि वरून माझ्या नावाने सही होईल. कुठली तरी पोरगी हा पोशाख घालून वर जाईल, तिथे तिचा खांदा निखळेल, आणि तक्त्यात लिहिलेलं असेल, आर्णीच्या सत्यभामाबाईला काही झालं नव्हतं. मी म्हणालो, तू माझं वाटोळं केलंस. हे मी तिला म्हणालो, जिने हात मोडून घेतला होता माझ्यासाठी.

मग मायचा चेहरा असा झाला, जसा मी कधी पाहिला नव्हता. ती दारामागे गेली, खुंटीवरची बाही उजव्या हाताने ओढून काढली आणि माझ्या अंगावर फेकली.

“घाल,” ती म्हणाली.

“काय?”

“तुले आकडा पायजे ना? घाल हात. लय शिकला ना तू, घाल.”

मागच्या अंगणात टिनाखाली कपड्यांची दोरी आहे, डोक्याच्या जरा वर. तिने दोरीवर होते तेवढे चिमटे सरळ ओळीत केले. मी डावा हात बाहीत घातला. मायने पंपावर पाय ठेवला आणि हवा भरू लागली, गफ्फारभाईच्या काट्याकडे बघत, चारवर येईपर्यंत. बाही कडक झाली, हात माझा राहिला नाही. “काढ चिमटा,” माय म्हणाली. “मंग लाव. एक.” मी चिमटा काढला आणि लावला. तीन वर्षं मी या बाहीचं गणित केलं होतं. प्रत्येक कोनाला किती जोर लागतो ते मला दशांशात पाठ होतं, पण हात मी कधी घातला नव्हता. घातला असेल, फोटोसाठी, अर्धा मिनिट. वीसपर्यंत काही वाटलं नाही. तिसाला खांद्यात निखारा ठेवल्यासारखं झालं. टिन तापलं होतं, घाम डोळ्यांत उतरत होता, कडी तर माझ्या मापाची होती, मोठ्या माणसाच्या मापाची, तरीही कड रुतत होती. चाळीस. माझी कमर आपोआप कलली. खांदा कानाशी गेला. पडद्यावरचा बाहुला माझ्या अंगात शिरला होता आणि मला त्याला बिघाड म्हणता येत नव्हतं. माय मोजत होती, आवाज न चढवता, वावरात गोणी मोजतात तशी. एकोणपन्नास. पन्नास. एक्कावन्न.

“थांब माय,” मी म्हणालो. “बस झालं.”

तिने मोजणं थांबवलं. “म्या म्हटलतं का, थांब?” ती म्हणाली. “तीनशे केले म्या. तू एक्कावन्नले बोंबलला.” आणि ती एकदम रडायला लागली, पण रागाने, दात आवळून. “म्या काहून नाई म्हटलं थांब? काहून नाई म्हटलं, सांग ना? कोणाच्या बापाची भीती होती मले? माह्या लेकराचंच तं कॉलेज होतं!”

तिने व्हॉल्व्ह काढला. हवा सुसू करत बाहेर गेली. माझा हात बाहेर आला. खांद्यावर कडीचा लाल वळ उठला होता. माय तो बघत राहिली. मग तिने आपल्या ब्लाउजची बाही जरा खाली ओढली. तिच्या खांद्याच्या पुढच्या अंगाला तसाच वळ होता, चार महिन्यांचा, काळा पडलेला, आणि त्याखाली हाड एका बाजूला टेंगळासारखं वर आलेलं.

“तुहं किती?” तिने विचारलं.

“सात,” मी म्हणालो. “आठ असन.”

“मंग माहं नऊ लिही.”

मी आत जाऊन लॅपटॉप घेऊन आलो आणि तिथेच, टिनाखालच्या बाजेवर बसून, चार नंबरच्या बाईच्या ओळीतलं शेवटचं शून्य खोडलं. आकडा टाकता टाकता मी म्हणालो, “माय, दहा असन तं दहा सांग. आता नोको लपवू.”

“नाई,” ती म्हणाली. “दहा नोको लिहू. दहा तुह्या बापाचं होतं. म्या हात धरला होता त्याचा, मले माईत हाय. अन् थो डॉक्टरले काई नाई म्हणाला तवा म्या बी बोलली नाई. मले वाटलं, त्याले कमीपणा येईन.”

आठ वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. मी लिहीत राहिलो. पंधराही जागी तिने आठवून आकडे सांगितले, तीन, पाच, सात, नऊ, पुन्हा नऊ, कुठल्या बोंडाला काय झालं तेही सांगितलं, तिला सगळं लख्ख आठवत होतं. बाकी तिघींच्या ओळी मी रिकाम्या केल्या आणि पुढे लिहिलं, पुन्हा विचारणार, त्यांच्या घरी जाऊन, कागद न घेता. खाली माझी ओळ जोडली, पाच नंबर, कडीच्या मापाचा पुरुष, एक्कावन्न फेऱ्या, वेदना आठ, थांबला. मूळ नोंद, न पुसलेली, सोबत जोडली. सहीच्या जागी लिहिलं, जुन्या आकड्यांवर मी सही करणार नाही, ते माझ्या चुकीने खोटे आहेत. दोनला दहा मिनिटं असताना फाईल गेली. आता कंत्राट जाईल की राहील, मॅडम मानतील की साठ शून्यांनाच धरून बसतील, मला माहीत नाही. राग काही उतरला नाही. तो उतरू नये अशीच माझी इच्छा आहे. सोमवारी सकाळी मायला यवतमाळला हाडांच्या डॉक्टरकडे न्यायचं, आणि तिथे तिने काई नाई म्हटलं तर मी सरळ ओरडणार आहे.

माय उठून आत गेली आणि फणी घेऊन आली. रडण्या-ओरडण्यात जोहराबीने सकाळी घातलेला अंबाडा सुटला होता. ती माझ्यासमोर ओट्यावर पाठ करून बसली आणि फणी मागे धरली. मी आयुष्यात कुणाचे केस विंचरले नव्हते. माझा डावा खांदा ठणकत होता, एकाच हाताने कसेबसे केस गोळा केले, मानेपाशी फणी लावली आणि ओढली.

“हळू ना बाप्पा,” माय म्हणाली. “दुखते.”